नदीची तपासणी आणि आत्याची शेळी

संक्रांतीच्या आदल्या रविवारी सकाळी आमच्या खैरदरा गावच्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नदी स्वच्छ करण्यासाठी तीन हजार चारशे रुपये मंजूर झाले. हजर होते सरपंच नामदेवतात्या, पाणलोट समितीचे अध्यक्ष म्हणजे माझे वडील अण्णा, ग्रामपंचायतीचा शिपाई गेनू, समितीचे चार सभासद आणि खर्चाचा कागद लिहायला मी, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मी नगरला कॉमर्स शिकत होते. माझी आत्याही तिथेच होती, पण ती सभेला आलेली नव्हती, ओट्याखाली उन्हाला बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तरी पुढे जे घडलं त्यात तिचा वाटा सगळ्यात मोठा असल्यामुळे तिला मी हजर लोकांत धरते. मंजूर रकमेत चुन्याच्या पिशव्या, गेरूचे दोन डबे, झेंडूची फुलं, पाहुण्यांचा नाश्ता आणि टीसीएलचं एक पोतं एवढं बसवायचं होतं. टीसीएल म्हणजे पिण्याच्या विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर. तिचा वास सुटला की आमच्या गावाला सरकार जवळ आल्यासारखं वाटायचं.

नदीची तपासणी ही गोष्ट आमच्याकडे पुण्याच्या एका संस्थेच्या पत्रातून आली. डोंगरावर चर खणायला आणि ओढ्यांना दगडी बांध घालायला या संस्थेनं पहिल्या टप्प्याचे पैसे दिले होते. दुसऱ्या टप्प्याचे द्यायचे की नाही हे ठरवण्याआधी त्यांची माणसं येऊन बोरडी नदीचं आरोग्य तपासणार होती. हवामान बदलत चाललंय, दोन पावसांमधले खंड लांबत चाललेत, अशा दिवसांत तुमच्या डोंगरावरच्या कामानं नदीला किती बळ आलं ते बघायचं आहे, असं पत्रात लिहिलं होतं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बाकीचं सगळं वाऱ्यावर गेलं आणि ‘तपासणी’ एवढा एकच शब्द ओट्यावर राहिला. तपासणीच्या वेळी काय करायचं याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. शाळा तपासायला साहेब येवोत, ग्रामस्वच्छतेची समिती येवो, रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना लागायचा आणि एकाआड एक दगडावर गेरूचा पट्टा बसायचा. साहेब जेवढा मोठा, तेवढा चुना लांबवर जायचा. गेनू शिपाई नुसता दगड दाखवून सांगायचा, “हितपातूर तहसीलदार. ह्याच्या फुडं कलेक्टर आलं तरच.” नदीवर त्याआधी कुठलाच साहेब आला नव्हता, त्यामुळे ती अगदी कोरी होती.

आता आमच्या घराविषयी थोडं सांगते. घर डोंगराच्या पायथ्याशी, शेवटचं. अंगणात तुळशीपेक्षा मोक्याच्या जागी पावसाचा डबा, म्हणजे पर्जन्यमापक. तो समितीचा होता, पण अण्णांनी त्याला घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं सांभाळलं होतं. सकाळी साडेआठला ते डब्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतून डोळ्यासमोर धरायचे, तेव्हा घरात कुणी भांडं आपटायचं नाही. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडायला बसायचं. पाऊस किती पडला, विहिरींना किती हात पाणी आहे, माणसांना आणि जनावरांना किती लागेल आणि उरलेल्यात गहू करायचा की नुसता हरभरा, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आमचा राहात्याचा मामा या प्रकाराला फार हसायचा. त्याच्या पेरूच्या बागेत पाटाचं पाणी बारा महिने खळखळायचं. “तुम्ही लोकं सोनं तोलावं तसं पाणी तोलता,” तो म्हणायचा. गेल्या उन्हाळ्यात त्याच मामाचा मला, आता मी राहते त्या केडगावला, फोन आला, ठिबकचा हिशेब कसा करायचा ते विचारायला. मी सांगितला. हसू आलं, पण ते फोन ठेवल्यावर.

आत्या ही अण्णांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि अकरा शेळ्या घेऊन माहेरी आली. माझ्या लहानपणाचा आवाज म्हणजे त्या शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या. सकाळी त्या डोंगराकडे वाजत जायच्या आणि दिवेलागणीला वाजत परत यायच्या. सगळं गाव अण्णांना अण्णा म्हणायचं. आत्या तेवढी पांडू म्हणायची, भर सभेतसुद्धा. पहिल्या टप्प्याचं काम झालं तेव्हा संस्थेच्या अटीप्रमाणे डोंगरावर तीन वर्षांची चराईबंदी आली. गवत विळ्यानं कापून आणायला परवानगी, जनावर वर न्यायला मनाई. शेळ्या घरी बांधून पाळायलाही हरकत नव्हती, पण आत्याचं म्हणणं, बांधलेली शेळी ही शेळीच नव्हे, तिच्यापेक्षा वाडगं पाळावं. अण्णा अध्यक्ष, बंदी त्यांनीच गावाच्या गळी उतरवलेली, तेव्हा सुरुवात घरापासून करणं भाग होतं. एका बाजाराच्या दिवशी आत्या एकटीच शेळ्या घेऊन गेली आणि पदरात पैसे बांधून आली. अण्णा पाण्याचा थेंबही मोजून घेणारे, पण बहिणीचे पैसे मोजायचे नसतात म्हणून त्यांनी गाठ सोडायलासुद्धा सांगितलं नाही.

त्यानंतर आत्या आमच्या प्रत्येक जेवणात शेळ्या आणायची. हुलग्याची शेंगोळी ताटात पडली की म्हणायची, ह्यात शेळीच्या दुधाचं ताक असतं तर. बाजरीच्या भाकरीला तीळ लावताना म्हणायची, माझ्या तांबडीच्या अंगावर असेच ठिपके हुते. अण्णा खाली मान घालून जेवायचे. मग हळूहळू तिचं मन देवाकडे वळलं. नदीच्या उगमाकडे, बंद डोंगराच्या पोटात एक डोह आहे. त्याच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा, तरण्या बायकापोरींना धरतात म्हणून सगळे भितात त्या पाण्याच्या देवता. आत्या रोज सकाळ-संध्याकाळ आसरांना नैवेद्याची भाकरी घेऊन जायला लागली आणि येताना फडक्यानं तोंड बांधलेला तांब्या आणायला लागली. त्यात डोहाचं तीर्थ आहे असं ती सांगायची. अण्णांचा देवांवर फारसा विश्वास नव्हता, पण बहिणीचं मन रमलं या आनंदात ते काही बोलत नसत. घरातला चहा आत्याच करायची. तो त्या काळात फार चांगला व्हायला लागला होता, दाट आणि चवदार. अण्णा स्वतः चमच्यानं साखर मोजून घालायचे आणि पहिला घोट घेऊन म्हणायचे, “गाईला या वर्षी दूध चांगलं उतरलंय.” गाईचं सगळं दूध डेअरीला जायचं, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात कशी आली नाही, हे मला अजून समजलेलं नाही. आईच्या ध्यानात आली असणार. आजही तो विषय निघाला की ती लसूण सोलायला घेते.

बंदीची तीन वर्षं त्या जानेवारीत संपत होती. पुढे बंदी ठेवायची की डोंगर जनावरांना मोकळा करायचा, हे सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठरणार होतं. मोकळा करा म्हणणारे बरेच होते. त्यांचंही काही खोटं नव्हतं, तीन वर्षं लोकांनी डोक्यावरून गवताचे भारे वाहिले होते. अण्णांनी दिवाळीनंतरच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, “संस्थेचा अहवाल येऊ द्या. नदी सुधारली न्हाई असं त्यात निघालं, तर मी स्वतः डोंगराचं फाटक उघडीन आन अध्यक्षपद सोडीन.” त्यामुळे ही तपासणी गावाला शोभेची वाटत असली, तरी अण्णांना ती बोर्डाच्या परीक्षेसारखी होती. चर बुजले, गवत गेलं, की तीन वर्षांत जेमतेम धरलेला तो डोंगर पुन्हा उघडाबोडका होणार. या धास्तीनं त्यांना जेवण जात नव्हतं, फक्त चहा जात होता.

भोगीला आणि संक्रांतीला गावानं नदी तयार केली. आमच्या नदीत त्या दिवसांत पाणी फार नसायचं, दगडांमधून वाट काढत जाणारी एक धार आणि मध्ये मध्ये डबकी. बायकांनी काठाचं गवत उपटून काढलं. पोरांनी पाण्यातल्या दगडांवरचं शेवाळ काथ्यानं घासलं. तात्यांनी स्मशानाच्या वळणापासून पुलापर्यंत दोन्ही काठांच्या दगडांना चुना मारून घेतला, वर गेरूचे पट्टे. मोठे दगड लायनीत लावले. पाण्यात बुडालेले दगडही बाहेर काढून, धुऊन, आकाराप्रमाणे रचले. मी कागदावर खर्च लिहीत होते आणि खरं सांगते, नदी फार छान दिसत होती. लग्नघराच्या अंगणासारखी दिसत होती. संक्रांतीच्या दिवशी ऊन कलल्यावर गेनूनं पुलाच्या वरच्या अंगाला टीसीएलचं पोतं उपडं केलं. त्याचं म्हणणं, विहिरीला दोन मुठी लागतात, ही तर नदी.

तात्यांचा बेत वरच्या डोहापर्यंत जायचा होता. चुना उरला होता आणि तात्यांच्या हिशेबी पुण्याचा साहेब कलेक्टरच्या बरोबरीचा होता. पण आत्या वाटेत आडवी बसली. “वरच्या डोहाला हात लावायचा न्हाई,” ती म्हणाली. “आसरा हायेत तिथं. ह्या पावडरीचा वास त्यांना सोसत न्हाई.” तात्यांनी समजूत घालून पाहिली. दगडांना नुसता चुना मारतो, पावडर टाकत नाही म्हणाले. आत्यानं विचारलं, “तुज्या घरात दोन लेकी वयात आल्यात ना रं नामा?” तात्यांनी चुन्याची बादली खाली ठेवली आणि माघारी वळले. अण्णा मला हळूच म्हणाले की अंधश्रद्धा वाईट, पण आज वेळ नाही.

किंक्रांतीच्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर गेलो तर पाण्यावर मेलेले मासे. मळे, झिंगे, बोटाएवढे मुरे, सगळे पांढरी पोटं वर करून. खेकडे काठावर चढून पडले होते. त्यांना दवाखान्याचा वास येत होता, त्यामुळे कुणी खायला नेले नाहीत. तात्या म्हणाले, पाहुणे यायच्या आत पुरून टाका, आणि गेनूनं घाईघाईनं पुरून टाकले. झेंडूच्या माळा पुलावर बांधल्या गेल्या. गावात तेव्हा तीन मोबाईल होते आणि तिन्हींना रेंज फक्त देवळाच्या शिखराजवळ यायची. तिथे बसवलेल्या पोरानं जीप दिसल्याची आरोळी दिली आणि सगळे सदरे ठीक करून उभे राहिले.

जीपमधून साहेब उतरलाच नाही. एक तिशीच्या आतबाहेरची मॅडम उतरली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली. हातात लांब दांड्याची जाळी, पांढरा ट्रे आणि भिंग. नारळ घेतला, हार घेतला, नाश्त्याला नंतर म्हणाली आणि सरळ पाण्यात उतरली. तिनं एक दगड उलटा केला. भिंगातून बघितला. दुसरा केला. जाळी पाण्यात धरून पायानं तळ ढवळला, जाळी ट्रेमध्ये झटकली आणि ट्रेकडे बघत राहिली. ट्रे स्वच्छ होता. तात्यांचा चेहरा उजळला.

“इथले किडे कुठे गेले?” मॅडमनं विचारलं.

“एकबी न्हाई मॅडम,” तात्या म्हणाले. “कोनताबी दगड उलटा करून बघा. आमी हयगय केलेली न्हाई.”

मॅडम एका दगडावर बसली. त्याला चुना मारलेला होता, पण तिला सांगणार कोण. मग तिनं, न रागावता, सगळं समजावलं. नदीचं आरोग्य पाण्याच्या रंगावरून समजत नाही. दगडांखाली कोण राहतं त्यावरून समजतं. तीन शेपट्यांची एक अळी असते, ती फक्त चांगल्या पाण्यात जगते. दुसरी एक वाळूचे कण चिकटवून स्वतःपुरतं घर बांधते. चतुरांची पिल्लं असतात, गोगलगायी असतात. प्रत्येकाला गुण ठरलेले आहेत, नाजूक किड्याला दहा, कशातही जगणाऱ्या तांबड्या अळीला एक. कोण सापडलं ते बघायचं आणि बेरीज करायची. पावसाचे खंड वाढत जातील तसं ज्या नदीच्या डोंगरात पाणी मुरलेलं आहे, तिच्यातच हे जीव टिकतील, म्हणून ते मोजायचे.

“आन आमची बेरीज?” अण्णांनी विचारलं.

“तांबडी अळीसुद्धा नाही काका. ती गटारातही जगते.” मॅडमनं तिच्याकडचा तक्ता दाखवला. सगळ्यात वर उत्तम होतं. अगदी खाली, आमच्यासाठी, मृत असं होतं.

गेनू म्हणाला, “मंजी पास व्हायला किडं लागत हुते व्हय. काल टोपलीभर निघाले की.” तात्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो माळा सोडायला पुलावर निघून गेला. अण्णांचं लक्ष कुणाकडेच नव्हतं. ते डोंगराकडे बघत होते, तिथे गवत उन्हात पिवळंजर्द उभं होतं. माझ्या वडिलांना मी रडताना पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी टोपी काढून तिच्यात बघितलं आणि परत घातली, ते मला आठवतं.

मॅडमनं मग विचारलं की वर एखादी जागा आहे का, जिथे हे सगळं केलेलं नाही. सगळ्यांच्या नजरा आत्याकडे वळल्या. ती काठावर पदर तोंडाला लावून बसली होती.

“हाय,” ती म्हणाली. “पन तिथं बायामानसानी जायचं नसतं.”

“तुम्ही जाता ना आजी?”

“मी म्हातारी. मला कोन काय करतंय.”

मॅडमनं मान हलवली, देवाचं ठिकाण असेल तर आग्रह नाही म्हणाली आणि कागद आवरायला लागली. अण्णा आत्याजवळ गेले. “आक्का,” ते हळू म्हणाले, “आज हा डोंगर जाईल बघ.” आत्या गुडघ्यावर हात देऊन उठली. “चला,” म्हणाली, “पन म्होरं मी चालनार. आन वर कोनी मोठ्यानं बोलायचं न्हाई. आसरांना खपत न्हाई.”

चढावर सबंध वाट आत्या गप्प होती. ती गप्प असल्याचं आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. अण्णांना वाटलं भक्ती. तीन वर्षांत वर कितीतरी गवत माजलं होतं, चरांमध्ये ओल होती, दगडी बांधांच्या पोटात गाळ साठून त्यावर करंजीची रोपं आली होती. मॅडम थांबून थांबून बघत होती, लिहीत होती. डोहाशी पोचलो तेव्हा पाण्यावर पाणनिवळ्या पळत होत्या. मॅडमनं पहिला दगड उचलला आणि तिचा चेहरा बदलला. तिनं आम्हाला बोलावून दाखवलं. तीन शेपट्यांची अळी होती, दहा गुण. वाळूचं घर बांधणारी होती, तिच्या घराला एक पांढरा खडा मुद्दाम लावल्यासारखा होता. चतुरांची पिल्लं, खेकड्याचं पिल्लू, गोगलगायी. मॅडम नावं घेत होती, अण्णा कुजबुजत बेरीज करत होते आणि मी त्यांच्या मागून बेरीज तपासत होते. दोघांची सारखी आली. मॅडमनं तक्ता उघडून बोट वर नेलं, ‘उत्तम’वर थांबवलं.

“म्हंजी पास?” आत्यानं विचारलं.

“पहिला नंबर,” मॅडम म्हणाली.

आत्याला राहवलं नाही. “पास झाला रं पांडू!” ती खणखणीत आवाजात म्हणाली, आणि कपारीच्या मागून तितक्याच खणखणीत आवाजात उत्तर आलं, “में.”

तो आवाज ओळखायला अण्णांना वेळ लागला नाही, पण पटायला लागला. तात्या कपारीमागे जाऊन बघून आले आणि बाजूला झाले. आम्ही गेलो. बोरीच्या काट्यांचं फाटक केलेला एक छोटा वाडा होता. आत लांब दोरीला एक तांबडी, ठिपक्यांची, डेरेदार शेळी उभी होती. गळ्यातल्या घंटेत चिंधी कोंबलेली. तोंडात चिंधी कोंबायचं आत्याला सुचलं नव्हतं. आत्याचा आवाज म्हणजे भाकरी, एवढं शेळीला ठाऊक होतं, म्हणून तिनं ओ दिली होती.

“गंगी,” अण्णा म्हणाले. “हिला तर इकली हुती.”

“धा इकल्या,” आत्या म्हणाली. “तू मोजलंच न्हाईस.”

अण्णा आत्याच्या हातातल्या तांब्याकडे बघायला लागले. रोजच्या सवयीनं तिनं तो बरोबर आणला होता, फडक्यासकट. मग ते आसरांच्या शेजारी दगडावर बसले. “मी रोज...” ते म्हणाले.

“दोनदा,” आत्या म्हणाली. “सकाळी आन संध्याकाळी. कोरा चहा तुला उतरत न्हाई, ल्हानपनापासून.”

मॅडमनं विचारलं की काही अडचण आहे का. तात्या म्हणाले, “न्हाई न्हाई, घरगुती हाय.” शेळीला दूध यायचं तर ती व्यायलाही हवी, हा प्रश्न मला तिथेच पडला होता. नंतर चौकशी केली तेव्हा समजलं की आत्या तिला वर्षातून एकदा डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात न्यायची आणि करडं तिथेच एका मैत्रिणीकडे ठेवायची. अण्णांनी तीन वर्षं राखलेल्या त्या हद्दीवरून त्यांचीच बहीण, त्यांच्याच घरची शेळी घेऊन, दरसाल जाऊन येत होती.

मॅडमनं अहवालात दोन्ही जागा लिहिल्या. वरचा डोह उत्तम. खालचा भाग मृत, कारण गावानं केलेली स्वच्छता, पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावा. दुसऱ्या टप्प्याची शिफारस केली आणि खाली एक ओळ घातली की यापुढे नदी साफ करू नये. पुढच्या पावसाळ्यात वरच्या डोहातून किड्यांची सगळी वस्ती खाली उतरली. मासे यायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला. आता पाऊस आमच्या वेळेसारखा पडत नाही. मी केडगावच्या गच्चीवर डबा ठेवला आहे. दीड महिना कोरडा जातो आणि मग एका दुपारी असा भरतो की नळी दोनदा लावावी लागते. अशा वर्षांतही बोरडीच्या त्या डोहात पाणी होतं, हे मी जाऊन बघून आले आहे. शेजारच्या बाई विचारतात, डब्यात काय ठेवता? मी सांगते, काही नाही, वडिलांची सवय.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा बसली. अहवाल मीच वाचला. डोंगराचा प्रश्न येण्याआधी अण्णा उठले आणि म्हणाले, आधी दंडाचं. बंद डोंगरात सापडलेल्या शेळीला पंचवीस रुपये दंड होता आणि समितीच्या पदाधिकाऱ्याच्या घरचं जनावर असेल तर दुप्पट. हा दुपटीचा नियम अण्णांनीच घातला होता. त्यांनी उभ्या उभ्या हिशेब केला. पन्नास रुपये रोज, तीन वर्षं, चोपन्न हजार सातशे पन्नास. मध्ये लीप वर्ष आलं असेल तर वर पन्नास. तात्या खुशीत आले. “अण्णा, दुसऱ्या टप्प्याची सगळ्या गावाची वर्गणी निघाली की हो.”

आत्या खालून म्हणाली, “आन दुधाचं कोन देनार? पेनारानं द्यावं का न द्यावं? आधी तो इशय घ्या.”

मग जो गोंधळ झाला तो मी लिहीत नाही, कारण शेळीच्या दुधाचा भाव काय धरावा यावरून दोन भावकींत बोलाचाली झाली. शेवटी तात्यांनी नियम पुन्हा वाचायला लावला. त्यात ‘सापडेल त्या दिवसाचा दंड’ असं होतं. शेळी एकच दिवस सापडली होती. पन्नास रुपये. अण्णांना ते पटेना, आपण दूध प्यालो म्हणजे आपणही वाटेकरी, तेव्हा आपलेही पन्नास घ्या, असा त्यांनी आग्रह धरला. आत्याला वाटलं तो तिचा दंड भरतोय. “माज्या शेळीचा दंड मी भरीन,” ती म्हणाली, आणि कमरेची पिशवी सोडून दहाच्या पाच नोटा टेबलावर मोजून ठेवल्या. या वेळी अण्णांनी मोजल्या. बंदीचा ठराव मताला आला तेव्हा गवताचे भारे वाहून कंटाळलेल्यांनी हात खालीच ठेवले, आणि पहिला हात वर गेला तो आत्याचा. “ऱ्हाऊ द्या बंदी,” ती म्हणाली. “वर गवत लई ग्वाड झालंय. मी इळा घिऊन जाईन. गंगीला दारात बांधीन.” बांधलेल्या शेळीपेक्षा वाडगं पाळावं म्हणायचीस त्याचं काय झालं, असं गेनूनं विचारलं. ती म्हणाली, “गंगी म्हातारी झाली, तिला आता बसूनच खायचंय. माज्यासारखं.” बाकीचे हात त्यानंतर वर गेले.

तात्यांनी शेवटी एक ठराव आणला. वरचा डोह ज्यांच्यामुळे वाचला त्या आसरांना दरसाल दिवाबत्तीचे एक्कावन्न रुपये द्यावेत, आणि ते रोज तिथे जाणाऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावेत. सगळे हसत होते, पण ठराव मंजूर झाला आणि पैसे तिथल्या तिथे दिले गेले. म्हणजे त्या दिवशी समितीला दंडाचे शंभर रुपये मिळाले, पन्नास आत्याकडून आणि पन्नास अण्णांकडून. आत्याला एक्कावन्न मिळाले. तिनं पन्नास पिशवीत घातले, वरचं नाणं हातात घेऊन ती अण्णांपाशी गेली आणि ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. “ह्यो तुझा,” म्हणाली. “साखर तू घालत हुतास.”

त्या सगळ्या व्यवहारात शेवटी दिला गेला तो हा एक रुपया, आणि तो अण्णांनी घेतला.